घरातले वाचन आणि उघड्यावरचे ध्वनिमुद्रण : माइक कोणता घ्यावा?

गोदाकाठची वाचक

नमस्कार. मी नाशिकला गंगापूर रोडवर राहते. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या वयस्कर बायकांना पाठ असलेल्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम आम्ही काही मैत्रिणींनी हाती घेतले आहे. आजवर हे सगळे मोबाइलवरच चालले. त्यात शब्द कळतात, पण आजींचा आवाज लांबून आणि पोकळ येतो, जात्याची घरघर मध्येच मोठी होते, मध्येच नाहीशी होते, आणि अंगणात जरा वारा सुटला की त्या भसभशीत अख्खी ओळ बुडून जाते. म्हणून आता नीट माइक आणि रेकॉर्डर घ्यायचे ठरवले आहे.

माझी गरज दोन प्रकारची आहे. प्रत्येक ओवीसोबत तिचा अर्थ आणि संदर्भ मी स्वतः वाचून देणार आहे, आणि ते वाचन घरातल्याच एका खोलीत करायचे आहे. खोली साधारण दहा बाय अकरा फुटांची असून खाली फरशी आहे, एक खिडकी थेट रस्त्यावर उघडते, भिंती मोकळ्या आहेत आणि एका बाजूला कपड्यांचे कपाट आहे. दुसरी गरज बाहेरची. आजींच्या घरची पडवी आणि अंगण तर आहेच, शिवाय ओव्यांत येणाऱ्या जागांचे आवाजही सोबत असावेत असे वाटते; म्हणजे पहाटेचा रामकुंड, सोमेश्वरचा धबधबा, नांदूरमध्यमेश्वरचे पाणपक्षी. सिंहस्थाची गर्दी सुरू होण्याआधी घाटाचे रोजचे आवाज टिपून ठेवावेत असाही विचार आहे.

दोन दुकानांत चौकशी केली. एका ठिकाणी सांगितले की कंडेन्सर माइक (वीज लागणारा, बारकावे टिपणारा) घरात घेऊ नका, तो शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा पकडतो. दुसऱ्या ठिकाणी सल्ला मिळाला की एक चांगला शॉटगन (समोर रोखायचा, लांब नळीचा माइक) घ्या, तो घरात आणि बाहेर दोन्हीकडे चालेल. रेकॉर्डर धरून चाळीस हजारांच्या आत बसवायचे आहे. एकाच माइकवर दोन्ही कामे भागतील का? आणि भागत नसतील, तर पैसे आधी कशावर घालावेत?

सातपूरचा ध्वनिमुद्रक

ताई, मोबाइलची तक्रार आधी घेतो, कारण माइक निवडण्याची अर्धी दिशा तिच्यातच आहे. मोबाइलमध्ये दोन गोष्टी आपोआप चालू असतात. आवाज बारीक झाला की तो वाढवायचा आणि मोठा झाला की दाबायचा, ही एक. आणि सतत एकसारखा चालणारा आवाज म्हणजे गोंगाट असे समजून तो पुसून टाकायचा, ही दुसरी. आजी ओळ संपवून श्वास घेतात तेवढ्यात मोबाइल जात्याची घरघर उचलून धरतो, आणि त्या पुढची ओळ म्हणू लागल्या की तीच घरघर खाली लोटतो. मोबाइल संभाषणासाठी बनवलेला आहे आणि त्या कामात तो हुशारच ठरतो, पण जाते हे या गाण्याचे साथीचे वाद्य आहे हे त्याला कळण्याचे कारण नाही. पातळी हाताने ठरवता येते असा कोणताही बरा रेकॉर्डर घेतलात, तर ही तक्रार माइक न बदलताही बरीच मिटेल.

पोकळपणाचे कारण मात्र अंतर हे आहे. माइकपर्यंत दोन आवाज पोहोचतात : तोंडातून थेट आलेला आणि भिंती-फरशीवर आपटून आलेला. अंतर दुप्पट केले की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पण खोलीत भरून राहिलेला निनाद जवळपास तेवढाच राहतो. वीस सेंटिमीटरवरून माइक ऐंशी सेंटिमीटरवर नेला, तर थेट आवाज १२ डेसिबलने खाली येतो, निनाद जागचा हलत नाही, आणि ऐकणाऱ्याला वाटते की वाचणारी व्यक्ती रिकाम्या दालनात उभी आहे. माइक कितीही महाग असला तरी हे गणित बदलत नाही.

यावरूनच दुकानदारांच्या पहिल्या सल्ल्याकडे येतो. कंडेन्सर सगळे पकडतो आणि डायनॅमिक (वीज न लागणारा साधा माइक) फक्त जवळचे पकडतो, ही समजूत आपल्याकडे फार रुजलेली आहे आणि ती अर्धवट आहे. माइकला किती लांबचे ऐकू यावे असा गुण कोणत्याही माइकात नसतो. श्युअरचा एसएम ५८ किंवा एसएम ७बी असा डायनॅमिक घेतला की माणूस आपोआप ओठांजवळ धरून बोलतो, त्यामुळे त्याचा स्वतःचा आवाज मोठा येतो आणि मागचा गोंगाट तुलनेने लहान होतो. कंडेन्सर त्याच अंतरावर ठेवून पातळी सारखी करून घेतली आणि दोघांचा दिशादर्शक आकार एकच असला, म्हणजे दोन्ही कार्डिऑइड (मुख्यतः समोरचे ऐकणारे) असले, तर शेजारच्या कुकरची शिट्टी दोघांतही जवळपास सारखीच ऐकू येईल. कंडेन्सर वरच्या पट्टीतले बारकावे अधिक दाखवतो, त्यामुळे खोलीचे दोषही अधिक स्पष्ट दिसतात, एवढा फरक खरा आहे.

डायनॅमिकची अडचण वेगळीच असते. त्याच्यातून निघणारा विद्युत संकेत फार क्षीण असतो. एसएम ७बीला सुमारे ६० डेसिबलची वाढ लागते, आणि स्वस्त इंटरफेसमध्ये (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेटीत) इतकी वाढ देताना इंटरफेसचीच सूसू ऐकू येऊ लागते. हा माइक चित्रफितींत दिसतो म्हणून पुष्कळ जण घेतात आणि मग आवाज वाढवणारे वेगळे उपकरण घेण्यासाठी पुन्हा बाजारात जातात. तुमच्यासारख्या शांतपणे वाचणाऱ्या व्यक्तीला मी तो सुचवणार नाही.

माझ्या मते वाचनासाठी मोठ्या पडद्याचा कार्डिऑइड कंडेन्सर घ्यावा. ऑडिओ-टेक्निकाचा एटी २०२० हा सगळ्यांना ठाऊक असलेला माइक आहे, पण त्याची स्वतःची सूसू २० डेसिबल आहे. त्याच घरातला एटी २०३५ यात १२ डेसिबलवर आहे, आणि त्यावर ८० हर्ट्झखालचा भाग कापणारे व १० डेसिबल उतरवणारे असे दोन खटकेही आहेत. रोडेचा एनटी १ पाचव्या पिढीतला घेतला तर सूसू फक्त ४ डेसिबल आहे आणि तो एक्सएलआरबरोबरच (माइकच्या नेहमीच्या तीन पिनांच्या जोडणीबरोबरच) यूएसबीने थेट संगणकालाही जोडता येतो. माहितीपत्रकात हा आकडा कधी सरळ दिलेला नसतो, फक्त संकेत आणि गोंगाट यांचे गुणोत्तर दिलेले असते. ते ९४ मधून वजा केले की सूसूचा आकडा मिळतो.

आता खोली. ती सुधारल्याशिवाय वरचा सगळा खर्च वाया आहे. टाळी वाजवून पाहा. टाळीच्या मागे धातूसारखी झणझण ऐकू आली तर समोरासमोरच्या मोकळ्या भिंती एकमेकींकडे आवाज फेकत आहेत. कपाटाची दारे सताड उघडा, कपडे आत तसेच राहू द्या, आणि त्यांच्याकडे पाठ करून बसा, म्हणजे माइकचे तोंड तुमच्याकडे आणि तुमच्यामागच्या कपड्यांकडे राहील. कार्डिऑइडला सर्वांत कमी ऐकू येते ते त्याच्या पाठीकडून, म्हणून माइकची पाठ खिडकीकडे यायला हवी. दोन्ही बाजूंना कपडे वाळत घालण्याच्या स्टँडवर जाड गोधड्या टाका, खाली सतरंजी घाला. ध्वनिशोषक म्हणून विकले जाणारे पातळ फोमचे चौकोन फक्त वरची पट्टी मारतात आणि खालची घुमणारी तशीच ठेवतात, त्यामुळे आवाज कोंदट होतो. त्यांच्यापेक्षा भिंतीला टेकवलेली कापसाची गादी उत्तम काम करते. पंखा बंद करावा लागेलच, आणि एप्रिल-मेमध्ये ते सोपे नाही, म्हणून वाचनाची वेळ पहाटेची ठेवा. ओझरकडून येणारी लढाऊ विमाने मात्र गादीला दाद देत नाहीत; ती गेल्यावर तेवढे वाक्य पुन्हा वाचणे हाच उपाय.

माइक तोंडापासून वीतभर लांब, पॉप फिल्टर (श्वासाचा झोत अडवणारी जाळी) मध्ये, आणि माइक ओठांच्या समोर न ठेवता किंचित बाजूला, तोंडाकडे वळवलेला असावा, म्हणजे प, फ, भ यांचे फटकारे त्याच्या बाजूने निघून जातात. वीतभरापेक्षा जवळ गेलात तर खालची पट्टी फुगते आणि आवाज आकाशवाणीच्या जुन्या निवेदकासारखा भारदस्त होतो. काहींना तो आवडतो, पण ओवीच्या अर्थाला तो शोभेल असे मला वाटत नाही.

बूमवाला

वरच्या उत्तराशी बहुतांशी सहमत आहे. शॉटगनबद्दल त्यात काही आलेले नाही, म्हणून थोडे लिहितो.

शॉटगनच्या पुढे जी लांब नळी असते तिच्या बाजूंना खाचा असतात. बाजूने आलेला आवाज या वेगवेगळ्या खाचांतून वेगवेगळ्या क्षणी आत शिरतो आणि पडद्यापर्यंत पोहोचेपर्यंत स्वतःलाच खोडतो. समोरून आलेला आवाज मात्र सरळ जातो. हे खोडणे नळीच्या लांबीवर अवलंबून असते. सेनहायझरच्या एमकेएच ४१६ ची लांबी २५ सेंटिमीटर आहे, तर १०० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर. त्यामुळे ट्रकची घरघर नळीला दाद देत नाही, आणि खालच्या पट्टीत हा माइक साध्या सुपरकार्डिऑइडसारखाच (कार्डिऑइडहून थोड्या अरुंद दिशेने ऐकणाऱ्या माइकसारखाच) वागतो. बंद खोलीत अडचण वाढते, कारण भिंतींवरून बाजूने येणारा निनाद अर्धवट खोडला जातो आणि त्याचा रंग बिघडतो. खाली फरशी आणि वर कमी उंचीचे छत असेल तर हा बिघाड स्पष्ट ऐकू येतो.

तरीही शॉटगन घरात अजिबात चालत नाही असे म्हणणे मला मान्य नाही. जाहिरातींची निवेदने हाच ४१६ वापरून करणारे निवेदक जगभर आहेत, पण ते नीट शोषक लावलेल्या खोलीत आणि माइकपासून वीतभरावर बसतात. तुमच्या खोलीत गोधड्या खरोखरच लागणार असतील तर शॉटगनवर वाचन होऊ शकेल. दुकानदाराचा सल्ला त्या अर्थाने चुकीचा नाही, अपुरा आहे.

पाणथळप्रेमी

बाहेरच्या कामाबद्दल सविस्तर लिहितो, कारण या विषयावर मराठीत फारसे वाचायला मिळत नाही.

उघड्यावर पहिला शत्रू वारा आहे, आणि माइकची निवड त्याच्यानंतर येते. वाऱ्याचा आवाज आपल्याला कानाला ऐकू येतो त्यापेक्षा माइकला कितीतरी अधिक येतो, कारण हवेचा झोत पडद्याला थेट ढकलतो आणि ही ढकल अगदी खालच्या पट्टीतली असते. माइकबरोबर मिळणारी स्पंजची टोपी घरातल्या श्वासापुरती असते. नदीकाठी तिचा उपयोग नाही. लांब केसांच्या कृत्रिम लोकरीचे आवरण हवे, आणि ते पडद्याला घट्ट चिकटलेले नसावे. आवरण आणि माइक यांच्या मध्ये जितकी स्थिर हवा राहील तितका परिणाम चांगला, म्हणून व्यावसायिक लोक माइक जाळीच्या पोकळ पिंजऱ्यात टांगतात आणि त्यावर लोकर चढवतात. खेळण्यातल्या अस्वलांना वापरतात ते कापड आणून घरी आवरण शिवता येते. फक्त कापड ओठांना लावून फुंकून पाहावे. मागच्या बाजूला चिकटद्रवाचा थर असेल तर श्वास आरपार जात नाही, आणि असे आवरण वाऱ्याबरोबर आवाजातली वरची पट्टीही गिळून टाकते.

वाऱ्याचा त्रास सगळ्या माइकांना सारखा होत नाही. चहूबाजूंनी सारखे ऐकणारा, म्हणजे ओम्नी माइक, वाऱ्याला आणि हाताळण्याच्या खडखडाटाला सर्वांत कमी बळी पडतो. दिशा ओळखणारे माइक, कार्डिऑइड असोत की शॉटगन, अधिक पडतात. रामकुंडाच्या पहाटेसाठी मी ओम्नीच घेईन. तिथे एका बिंदूकडे रोखण्यासारखे काही नसते : डावीकडे पायऱ्यांवर कपडे आपटण्याचा आवाज, मागे कुणाचे तरी स्तोत्र, समोर पाण्यात उतरणाऱ्याचा हुंकार, वर पारव्यांचे पंख, असा तो सगळा मिळून घाट असतो. प्रिमो कंपनीच्या ईएम २७२ या नखाएवढ्या कॅप्सूलची (आवाज पकडणाऱ्या भागाची) जोडी निसर्गध्वनी टिपणाऱ्यांत फार वापरली जाते. तिची सूसू १४ डेसिबल आहे, तिला ४८ व्होल्टची फँटम पॉवर (रेकॉर्डरने केबलमधूनच माइकला दिलेली वीज) लागत नाही, आणि लहान रेकॉर्डरच्या मिनीजॅकमधून मिळणाऱ्या प्लग-इन पॉवरवर ती चालते. छत्रीच्या दांड्याला किंवा पिशवीच्या दोन पट्ट्यांना हातभर अंतरावर लावली तर डाव्या-उजव्या बाजूंची जाणीव सुरेख येते, आणि लोकांच्या नजरेतही भरत नाही. घाटावर मोठा लोकरीचा माइक बाहेर काढला की दहा जण भोवती जमतात, आणि मग तुमच्या ध्वनिमुद्रणात घाट कमी आणि "कोणत्या चॅनेलचे?" हा प्रश्न जास्त येतो.

नांदूरमध्यमेश्वरचे गणित निराळे आहे. रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) समाविष्ट झालेले हे महाराष्ट्रातले पहिले पाणथळ क्षेत्र, आणि हिवाळ्यात तिथे गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या उथळ पाण्यावर वारकरी पक्षी, चक्रवाक, बदकांचे थवे आणि जांभळ्या पाणकोंबड्या यांचा कलकलाट असतो. पक्षी लांब असतात आणि तुम्ही त्यांच्याकडे जाऊ शकत नाही, जाऊही नये. येथे शॉटगन खरोखर उपयोगी पडतो, कारण बहुतेक लहान पक्ष्यांचे आवाज २ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान असतात आणि नेमक्या त्याच पट्टीत नळीचे खोडणे नीट चालते. पण शॉटगन दुर्बीण नव्हे. तो लांबचा आवाज मोठा करत नाही. बाजूचा कमी करतो, एवढेच. लांबचा आवाज खरोखर गोळा करायचा असेल तर अन्वस्ताकार (खोलगट वाडग्यासारखी) तबकडी लागते, आणि तीही तिच्या व्यासापेक्षा लहान तरंगलांबीच्या आवाजांवरच काम करते : ६० सेंटिमीटरची तबकडी साधारण ६०० हर्ट्झच्या वर. मोठ्या करकोच्याच्या चोचीची खटखट तिच्यात छान येते, घुबडाचा खोल घूत्कार पातळ होऊन येतो.

शांत जागी माइकच्या सूसूला फार महत्त्व असते. कांद्याच्या लिलावात २० डेसिबलची सूसू कुणालाही ऐकू येणार नाही, पण चापडगावच्या बाजूला पहाटे पाण्यावर धुके असताना, लांबची एक शीळ टिपण्यासाठी पातळी वाढवली की तोच माइक पावसाची भुरभुर चालू असल्यासारखा सुसू लागतो. वर उल्लेख आलेला एनटी १ याच कारणासाठी काही निसर्गध्वनिमुद्रक जंगलात नेतात. त्याला मोठे आवरण लागते आणि दमट हवा त्याला सोसत नाही, तरी कोरड्या थंडीत तो नांदूरला चांगला चालेल.

शॉटगनच घ्यायचा तर सेनहायझरचा एमकेई ६०० पाहा. त्याची सूसू १५ डेसिबल आहे आणि तो फँटम पॉवरवर किंवा एका पेन्सिल सेलवर, दोन्हींवर चालतो. एमकेएच ४१६ तुमच्या अंदाजपत्रकाच्या पलीकडे आहे. त्याची खासियत मात्र सांगण्यासारखी आहे : त्याच्या आतली विद्युतरचना उच्च वारंवारतेवर चालणारी असल्यामुळे दमट हवेत तो तडतडत नाही. साध्या कंडेन्सरमध्ये पडद्याभोवतीचा विद्युतरोध फार मोठा असतो, ओलाव्याने तिथे थोडी जरी गळती झाली की टकटक आणि चरचर सुरू होते. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसाळ्यात काम करणाऱ्यांना याचा अनुभव येतोच.

सोमेश्वरच्या धबधब्याबद्दल एकच सूचना. धबधबा सरळ समोरून टिपला तर तो टीव्हीवर कार्यक्रम नसतानाच्या खरखरीसारखा येतो. थोडे खाली, जिथे पाणी दगडांमधून वेगवेगळ्या सुरांत वळते तिथे माइक न्या, आणि धबधबा मागे राहू द्या.

गोदाकाठची वाचक

सर्वांची आभारी आहे. कपाटाकडे पाठ करून बसण्याचा प्रयोग आज लगेच मोबाइलवरच करून पाहिला आणि फरक ऐकू आला. आता मुख्य शंका जात्याची. दोन आजी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला धरून दळतात, एक ओळ पहिली म्हणते, दुसरी ती उचलते. दोघीही पुढे-मागे झुकत असतात. पदराला लावायचा लहान माइक लावून पाहावा का? आणि घरघर किती ठेवावी?

सातपूरचा ध्वनिमुद्रक

पदराला माइक लावू नका. दळताना पदर सतत हलतो, खांद्यावरून घसरतो, आजी तो पुन्हा खोचतात, आणि प्रत्येक वेळी कापडाची खसखस थेट माइकात येते. मंगळसूत्र आणि बांगड्या आहेतच. शिवाय असा माइक लावला की वयस्कर माणसे अवघडून बसतात आणि गळा मोकळा सुटत नाही.

दोघींच्या मध्ये, जात्याच्या थोडे बाजूला, एक उंच स्टँड उभा करा आणि त्याच्या आडव्या दांडीवर माइक जात्याच्या वर, बसलेल्या आजींच्या डोक्यापेक्षा हातभर उंच टांगा. तिथून दोघींची तोंडे सारख्याच अंतरावर राहतात, आणि पुढे-मागे झुकण्याने पातळी फारशी हलत नाही, कारण दोघी जवळपास एका वर्तुळाच्या कडेवर फिरतात. लहान पडद्याचे दोन कार्डिऑइड असतील तर एकेक आजीकडे वळवता येईल. एकच असेल तर सरळ खाली रोखा. छत पत्र्याचे असेल तर अंगणात दळायला बसवता आले तर पाहा, पत्र्याखाली सगळे झणझणते.

घरघर दोन वाटांनी येते. हवेतून येणारी आपल्याला हवी आहे. दुसरी जमिनीतून, स्टँडच्या पायांतून चढून माइकात शिरते, ती नुसती गडगड असते. स्टँडच्या तिन्ही पायांखाली चार पदरी घडी घातलेली गोधडी ठेवा आणि माइक रबराच्या झुल्यात बसवा, म्हणजे ही दुसरी वाट बंद होते. केबलचा एक सैल वेढा दांडीला बांधून ठेवा, नाही तर ओढ लागून तीही ठकठक करते. ८० हर्ट्झखाली कापणारा खटका मात्र येथे लावू नका. जात्याची खालची पट्टी गेली की राहते ती नुसती दगडांची खरखर. तो खटका अंगणात वारा असेल तेव्हाच वापरा.

घरघर किती ठेवायची हा प्रश्न ध्वनिमुद्रण करताना सोडवायचा नसतो. रेकॉर्डरच्या दुसऱ्या मार्गिकेवर (ट्रॅकवर) एक साधा डायनॅमिक, एसएम ५७ किंवा तत्सम, जात्याच्या कडेपासून हातभरावर जमिनीलगत ठेवा आणि पाळूकडे रोखा. मग गळा आणि जाते वेगवेगळे हाती येतील आणि घरी बसून हवे तेवढे मिसळता येईल. दाणे घातल्यावर आवाज भरीव होतो आणि संपत आले की कोरडा, खडखडीत होतो. हा फरक पुढे अभ्यासणाऱ्याला उपयोगी पडेल, म्हणून पसा टाकण्याच्या जागा कापून टाकू नका.

रेकॉर्डर दोन एक्सएलआर तोंडांचा आणि फँटम पॉवर देणारा घ्या. झूमचा एच ४ एसेन्शियल यात बसतो. त्याला स्वतःचे दोन माइकही आहेत आणि तो ३२ बिट फ्लोटमध्ये नोंदवतो, त्यामुळे आजींनी अचानक आवाज चढवला तरी नोंद फाटत नाही. पण यावर विसंबून नाशिक ढोलासमोर उभे राहू नका. रेकॉर्डर न फाटला तरी माइकचा पडदा आणि त्याच्या आतले सर्किट यांची मर्यादा तीच राहते, आणि तिथे फाटलेला आवाज कोणत्याही बिटांनी सांधता येत नाही.

पैसे या क्रमाने घाला असे मी म्हणेन : आधी रेकॉर्डर, बंद कपांचा हेडफोन आणि रेकॉर्डरच्या अंगच्या माइकांसाठी लोकरीचे आवरण. एवढ्यावर घाट, धबधबा आणि अंगण सुरू होते. त्यानंतर एटी २०३५ आणि एक उंच स्टँड, ज्यात घरचे वाचन आणि जाते दोन्ही भागतात. चाळीस हजारांत एवढे बसावे. शॉटगन पुढच्या वर्षी पाहा. हेडफोनवर कुणी काटछाट सुचवली तर ऐकू नका, बाहेर गेल्यावर वारा आत शिरतो आहे की नाही हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

बूमवाला

क्रम पटला. दोन व्यवहाराच्या गोष्टी तेवढ्या जोडतो.

हिवाळ्यात नांदूरसाठी शॉटगन हवाच असेल तर चित्रीकरणाचे साहित्य भाड्याने देणाऱ्यांकडे मुंबईत ४१६ सहज मिळतो, आणि आवरण व पिंजऱ्यासकट मिळतो. पक्षी टिपण्याचे दिवस ठरवून तेवढ्यापुरता आणावा. जाण्याआधी अभयारण्याच्या प्रवेशद्वारावर वनविभागाच्या माणसांना काय करणार ते सांगा, आणि पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर वाजवून त्यांना बोलावू नका.

दुसरी गोष्ट बनावट मालाची. एसएम ५७ आणि ५८ यांच्या नकला बाजारात इतक्या आहेत की खोके, पुस्तिका, चामडी पाऊच, सगळे हुबेहूब असते. खऱ्या एसएम ५८ चे वजन सुमारे ३०० ग्रॅम भरते, नक्कल बहुधा हलकी लागते. एक्सएलआरच्या तीन पिनांजवळ १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. किंमत फारच सोयीची वाटली तर वजनकाटा जवळ ठेवा. मोठ्या पडद्याचे म्हणून अगदी हजार-बाराशेला मिळणारे जे माइक असतात, त्यांच्या मोठ्या जाळीच्या आत बहुतेकदा लहानशी इलेक्ट्रेट कॅप्सूल असते, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पावसाळ्यात माइक घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्यांतल्या दाण्यांचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतात. वातानुकूलित गाडीतून उतरून लगेच दमट अंगणात माइक बाहेर काढला तर थंड पडद्यावर बाष्प धरते, म्हणून पिशवीची चेन न उघडता ती पडवीत ठेवून द्या, आजींशी बोलत बसा, चहा होऊ द्या, आणि मगच स्टँड उभा करायला घ्या.